मामांची शंका

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत हवामान, पर्यावरण आणि लोकांचे हक्क या विषयांवर गेल्या काही वर्षांत जेवढी म्हणून चर्चासत्रं झाली, त्या सगळ्यांना दीपप्रज्वलनापासून आभारप्रदर्शनापर्यंत हजर राहिलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. वक्ते बदलले, प्राचार्य बदलले, विषयाचं नाव तर दर वर्षी बदलतं. बदलले नाहीत ते मामा. मी सांगलीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. ही चर्चासत्रं भरवणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, तरी दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात मीसुद्धा अधूनमधून डोळे मिटून चिंतन करतो. मामा करत नाहीत. ते राहतात कवठे महांकाळच्या पुढे, एका कोरड्या गावात, साठ-सत्तर माडग्याळी जातीच्या मेंढरांच्या संगतीत. पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागे चालणारं घर. अलीकडे थोडी शेतीही आहे. शाळा चौथीपर्यंत. आणि एवढ्या शिदोरीवर त्यांनी भल्याभल्या डॉक्टरेटवाल्यांना कपाळावरचा घाम पुसायला लावला आहे.

सुरुवात झाली ती फुटलेल्या चष्म्यापासून. मामा चष्मा दुरुस्त करायला सांगलीला आले होते. दुकानदाराने तीन तासांनी यायला सांगितलं. आता तीन तास करायचं काय म्हणून मामा रस्त्याने चालत निघाले, तेव्हा आमच्या कॉलेजच्या फाटकावरचा कापडी फलक त्यांना दिसला. अक्षरं इतकी मोठी होती की चष्म्याशिवाय त्यांना वाचता येण्यासारखी सांगलीतली ती एकच पाटी असावी. ‘हवामान बदल आणि समूहांचे हक्क. सर्वांसाठी खुले.’ सर्वांसाठी खुले असं लिहिलेल्या ठिकाणी न जाणं हा लिहिणाऱ्याचा अपमान आहे, असं मामांचं मत. शिवाय, त्यांनी मला नंतर सांगितलं, “हवामान बदललंय ह्ये ह्यास्नी कवा कळलं, त्ये जरा बगावं म्हनलं.”

मी व्यासपीठावर पाहुण्यांची ओळख करून देत होतो. दार उघडलं आणि धोतर, लाल पटका, खांद्यावर घोंगडं अशा थाटात मामा आत आले. मधल्या वाटेने सरळ चालत पुढपर्यंत आले, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि भरल्या सभागृहात, माळावर मेंढराला हाक मारावी इतक्या खड्या आवाजात म्हणाले, “आवं पावणं, हितं फुडं बसू का?” भाचीचा नवरा म्हणून मामा मला पावणं म्हणतात, हे सभागृहाला कुठून ठाऊक असणार? प्रमुख पाहुण्यांना वाटलं, आपल्यालाच विचारतायत. ते अर्धवट उठून म्हणाले, “बसा ना, बसा.” मामा पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीत बसले, घोंगडं मांडीवर घेतलं, आणि त्या दिवसापासून आजतागायत ती खुर्ची त्यांची झाली. माझे विद्यार्थीही त्या दिवसापासून माझ्या पाठीमागे मला ‘पावणं सर’ म्हणतात.

मामांच्या सवयी सांगायच्या तर पहिली त्या गळ्यातल्या ओळखपत्राची. चर्चासत्राला नाव नोंदवलं की फीत लावलेलं एक ओळखपत्र मिळतं, त्यावर ‘प्रतिनिधी’ असं छापलेलं असतं. बाकीचे लोक ते जेवणाच्या टेबलावर विसरून जातात. मामा ते घालून बाजारात जातात, लग्नाला जातात, दाढ काढायला जातात. एकदा एका सरकारी कचेरीत ते सातबाऱ्याचा उतारा आणायला गेले, तर गळ्यातलं ‘प्रतिनिधी’ वाचून कारकून उठून उभा राहिला आणि त्याने पंखा त्यांच्याकडे वळवला. “कशाचं प्रतिनिधी, त्ये त्यानं इचारलं न्हाई,” मामा म्हणाले, “मी बी सांगितलं न्हाई. पंखा बरा हुता.”

दुसरी सवय शब्दांची. आमच्या क्षेत्रातला कुठलाही अवघड शब्द त्यांना तसाच गिळता येत नाही. एक विद्वान बोलता बोलता चौदा वेळा ‘स्टेकहोल्डर’ म्हणाले. पंधराव्या वेळी मामांनी हात वर केला. मामा कधीही प्रश्न विचारत नाहीत, त्यांना शंका असते. “एक शंका हाय. त्ये टेकोल्डर म्हंजे कोन?” विद्वानांनी समजावलं, की ज्यांचा त्या गोष्टीशी संबंध येतो, ती सगळी माणसं. मामांनी मागे वळून सभागृह न्याहाळलं. प्राध्यापक होते, संशोधक होते, दोन वार्ताहर होते, फराळाच्या वासाने आलेले बारावीचे काही विद्यार्थी होते. “मग ज्यांचा संबंध येतोय ती सोडून बाकी समदी हितं हायती,” असं म्हणून ते खाली बसले. विद्वानांनी उरलेल्या भाषणात तो शब्द पुन्हा काढला नाही.

पण आवडलेला शब्द मात्र ते घरी घेऊन जातात. ‘शाश्वत’ हा शब्द त्यांना इतका आवडला की त्यांनी एका कोकराचं नावच शाश्वत ठेवलं. त्याच्या पाठोपाठ जन्मलेली मेंढी समावेशक झाली. मी त्यांच्या घरी गेलो की मामा मला मोठ्या अभिमानाने दोघांची खुशाली सांगायचे. शाश्वत लय खोडील हाय, समावेशक कुनालाच जवळ येऊ देत न्हाई. पुढे एका चर्चासत्रात शाश्वत विकासावर गंभीर चर्चा चालली असताना मी त्यांना हळूच विचारलं, शाश्वत कसा आहे, तर म्हणाले, “गेल्या आइतवारी बाजारात गेला.”

आकडे दाखवणाऱ्यांची तर ते फारच काळजी घेतात. एका हवामानतज्ज्ञांनी पडद्यावर सांगली जिल्ह्याच्या पावसाची वाकडीतिकडी रेघ दाखवली आणि सरासरी पाऊस कसा ठीकठाक आहे ते सांगितलं. मामा उठून पडद्यापाशी गेले, त्या रेघेवर बोट ठेवलं. बोटाची सावली पडद्यावर काठीएवढी लांब पडली. “ह्यात आमचं दुष्काळाचं साल कुठं दिसंना,” ते म्हणाले. तज्ज्ञ म्हणाले, ही जिल्ह्याची सरासरी आहे, त्यात पश्चिमेकडचा शिराळ्याचा पाऊसही धरलाय. “मंग साहेब, शिराळ्यात पडलेला पाऊस तुमी आमच्या डोस्क्यावर मांडलाय. कागदावर आमी भिजलोय, वर कोरडंच हाय.” तज्ज्ञ मोठ्या मनाचे होते. त्यांनी हसून ती रेघ तालुकावार फोडून दाखवायचं कबूल केलं आणि पुढच्या वर्षी खरंच तशी आणली. मामांनी ती तपासून पास केली.

असे हे मामा एकदा मात्र शंका न विचारता निघून गेले, आणि ते माझ्यामुळे.

आमच्या विभागाने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जिल्ह्यातल्या जमिनीच्या वापराचा एक नकाशा केला होता. पिकं हिरवी, पाणी निळं, वस्ती करडी आणि पडीक जमीन पिवळी. मोठा देखणा नकाशा झाला होता. त्याची प्रत आम्ही सरकारी कामासाठीही दिली होती आणि त्याबद्दल माझा शाल देऊन सत्कार झाला होता. स्वच्छ ऊर्जेवरच्या चर्चासत्रात तो सभागृहाबाहेर भिंतीवर लावला होता. मामा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते.

“पावणं, ह्यात आमचं गाव कुठाय?”

मी उत्साहाने दाखवलं.

“आन् त्येच्या शेजारचं ह्ये पिवळं?”

“ते पडीक, मामा. म्हणजे ज्याचा काही वापर होत नाही अशी जमीन.”

“कुनी सांगितलं वापर हुत न्हाई म्हनून?”

“उपग्रहाच्या फोटोत तसं दिसतं.”

“त्यानं कवा बगितलं?”

मी खालची बारीक अक्षरं वाचली. फोटो ऐन उन्हाळ्यातले होते. मामांनी मान हलवली. “उन्हाळ्यात आमी मेंढरं घेऊन भायेर असतोय. दिवाळीनंतर जातोय, पावसाच्या तोंडाला येतोय. घराला कुलूप बगून त्यानं घर मोकळं हाय म्हनून लिवलं व्हय?” आवाज चढलेला नव्हता. त्यांनी घोंगडं खांद्यावर टाकलं आणि जेवणाला न थांबता एस.टी. स्टँडकडे चालू लागले. मामांनी चर्चासत्रातलं जेवण सोडल्याचा तो पहिला प्रसंग, आणि मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. पण आत पाहुणे आले होते, मी आत गेलो.

खरी गोष्ट संध्याकाळी बायकोकडून कळली. मामांच्या गावचं गायरान, म्हणजे गावाची सामाईक चराईची जमीन, सौरऊर्जेच्या एका कंपनीला द्यायचं घाटत होतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तशी नोटीस लागली होती, आणि जागा निवडताना आधार घेतला होता तो पडीक जमिनींच्या यादीचा. ती यादी ज्या नकाशावरून झाली, तो माझा. “आमच्या मामाचा माळ तुमी रंगपेटीनं पुसला,” बायको म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला त्या दोन दिवसांत एक गोष्ट सारखी टोचत होती. माझे आजोबाही मेंढरं राखायचे. वडील माधवनगरला गिरणीत लागले, मी शिकलो, आणि गवताळ माळ वरून बघितल्यावर त्याला पडीक म्हणायला शिकलो.

रविवारी सकाळी मी गावी गेलो. मामा अंगणात काठीला टेकून उभे होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “च्या घ्या आन् चला.” मग त्यांनी मला दिवसभर चालवलं. पाऊस होऊन गेला होता. ज्याला मी पिवळा रंग दिला होता तो माळ घोट्यापर्यंत हिरवा होता. मामा दाखवत होते, हे मारवेल गवत, हे पवन्या, ही कुसळी, ती कवळी असताना चारायची, नंतर तोंडाला टोचते. ह्या हिवराच्या झाडाखाली मेंढ्या व्यातात, कारण वारा अडतो. हे तळं आज्याच्या आज्याने आणि त्याच्या भावांनी खांदलं, ह्याचं पाणी तीन वस्त्या पितात. ही वाट म्हणजे नुसती पायवाट समजू नका, ह्या वाटेने तीन गावचे कळप जातात आणि कुणी कुणाच्या आधी जायचं तेही ठरलेलं आहे. दुपारी एका दगडावर बसून आम्ही बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. मी म्हणालो, “मामा, तुम्ही माझ्यावर चिडला असाल.”

“चिडून काय हुतंय?” मामा म्हणाले. “तुमाला दिसलं न्हवतं. आता दिसलं. आता तसं लिवा.”

तसं लिहायला आठ महिने लागले. माझी वर्षा नावाची एक विद्यार्थिनी एम.एस्सी. करत होती. तिने हाच विषय घेतला, आणि ती व तिच्या मैत्रिणी दर रविवारी गावी जाऊ लागल्या. त्या वर्षी मामा दिवाळीनंतरही मेंढरं घेऊन बाहेर न जाता गावातच थांबले. मामा पुढे, मुली मागे, आणि त्यांच्या मागे मेंढरं. मामा सांगायचे, मुली टिपायच्या. पावसाळ्यातला माळ वेगळा, दिवाळीतला वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा, असे तीन नकाशे झाले. चराईच्या जमिनीला कोणता रंग द्यायचा यावर वाद पडला. हिरवा पिकांनी घेतलेला होता. मामा म्हणाले, “घोंगड्याचा द्या.” त्यामुळे आमच्या विभागाच्या सुधारित नकाशात गायरान काळं आहे, आणि बाहेरचे परीक्षक दर वेळी विचारतात की हे जळालंय का.

त्या वर्षीचं चर्चासत्र मी माळावर घ्यायचं ठरवलं. विद्यापीठाला अर्ज केला, त्यात ‘स्थळ: गायरान’ असं लिहिलं. वरून विचारणा आली, की सदर सभागृहाची आसनक्षमता किती. मी सभागृहाला छत नसल्याचं कळवलं. शेवटी परवानगी मिळाली. हिवराच्या सावलीत सतरंज्या घातल्या, गावातली माणसं आली, प्राध्यापक आले, जिल्ह्याचे एक अधिकारी आले आणि कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला. बिचारा सगळ्यांपासून थोडा लांब, एकटाच बसला होता. मला भीती होती की आता भांडण होणार. गावातले दोघे-तिघे तयारीने आले होते. पण मामांनी हात वर केला.

“एक शंका हाय. तुमाला पायजे काय, ऊन का जमीन?”

इंजिनिअर म्हणाला, “आम्हाला ऊन पाहिजे.”

“मग न्या की. ऊन आमच्याकडं लय हाय. त्येला कुंपन कशाला?”

जनावरं आत शिरून पॅनेलची नासधूस करतात, त्याने सांगितलं. मामांनी विचारलं, पॅनेल किती उंच बांधणार. त्याने हाताने गुडघ्याएवढी उंची दाखवली. “कमरंच्या वर बांदा,” मामा म्हणाले. “मेंढरं खाली चरतील. त्येंला सावली हुईल आन् तुमचं गवत कापायचं काम वाचंल. आन् हे खडकाळ अंग हाय न्हवं, तिकडं गवतच येत न्हाई, तिकडं बांदा. तळं, वाट आन् हे गवताचं अंग सोडा.” जरा थांबून त्यांनी प्रामाणिकपणे जोडलं, “शेरडं मातुर आत सोडणार न्हाई. शेरडू वर चडतंय.”

सगळे हसले, इंजिनिअरसुद्धा. पण त्याने वही काढून ते लिहून घेतलं. अधिकाऱ्यांनी वर्षाचे तीन नकाशे मागून घेतले. ग्रामसभेने तोच ठराव केला. त्यानंतर कागद वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले, वर्षभर हेच चाललं. अखेर खडकाळ बाजूला पॅनेल उभी राहिली, कमरेच्या वर. तळं आणि वाट कुंपणाबाहेर राहिली आणि गवताची बाजू गावाकडे चराईसाठी म्हणून नोंदली गेली. सगळं काही मिळालं असं नाही. एका फाटकाची रुंदी कमी आहे, कळप जाताना दाटी होते, त्यावरून अजून पत्रव्यवहार चालू आहे. पण परवा मी गेलो तेव्हा पॅनेलच्या सावलीत मेंढरं बसून निवांत रवंथ करत होती, आणि तो इंजिनिअर मामांना फोनवर विचारत होता, की साहेब, गवत वाढलंय, पुढच्या आठवड्यात कळप कधी आणता.

आणि मग या वर्षी साताऱ्याच्या चर्चासत्राची पत्रिका आली. वक्त्यांच्या यादीत तिसरं नाव मामांचं होतं, छापील. मामांनी ती पत्रिका शेजारच्या चार घरांत दाखवली, आणि जायचा दिवस जवळ आला तसे गप्प गप्प होऊ लागले. एस.टी.त मला म्हणाले, “पावणं, मला खाली बसून बोलाय येतंय. वर बसून कवा बोललो न्हाई.”

त्यांचं नाव पुकारलं गेलं. मामा माइकसमोर उभे राहिले. ज्या माणसाने कुणाला न घाबरता इतकी वर्षं शंका विचारल्या, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मला वाटलं, आपण उठून काहीतरी बोलावं. तेवढ्यात मामा म्हणाले, “मला हितं बोलवलं, कारण मला माळावरचं समदं ठावं हाय असं तुमाला वाटतंय. खरं सांगू का, मला निम्मं ठावं हाय. निम्मं माझ्या बायकूला ठावं हुतं.”

मामी जाऊन सहा वर्षं झाली. मी त्यांना दहा-बारा वेळा तरी भेटलो असेन. प्रत्येक वेळी त्यांनी मला वाढलं, आणि मी जेवलो.

“मी मेंढरं घेऊन भायेर जायाचो,” मामा सांगत होते, “ती म्हातारी मेंढरं, कोकरं घेऊन गावात राहायची. कुठलं गवत कशावर चालतंय, आजारी कोकराला काय द्याचं, तळ्याला पानी कवर पुरंल, ती सांगायची. त्या पोरींनी नकाशा केला, त्येच्यात मी जे जे सांगितलं त्यातलं लय काय मी तिच्याकडनं ऐकलेलं हाय. तिला कुनी इचारलं न्हाई. मी बी न्हाई इचारलं. ती आपसूक सांगायची म्हनून ऐकलं.” ते माइकपासून मागे सरले. “एवढंच हाय.” आणि ते खाली आले. टाळ्या जरा उशिराने वाजल्या. माझ्या शेजारी वर्षा बसली होती, ती वाजवत नव्हती. ती वही उघडून काहीतरी लिहीत होती.

परतीच्या एस.टी.त मामा खिडकीशी बसले. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा आम्ही चहा घेतला. गाडी पुन्हा निघाली, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, आणि मामा अचानक म्हणाले, “लिवा.” मी पेन काढलं. मामींनी सांगितलेली एकेक वनस्पती ते सांगू लागले, कुठे उगवते, कशाला लागते. मी लिहीत गेलो. मग एका ठिकाणी ते अडले. बारीक पानाचं, तळ्याच्या उगवतीच्या काठाला येणारं, निळसर फुलाचं. व्यालेल्या मेंढीला दूध कमी आलं की मामी ते आणायच्या. मामांनी डोळे मिटले, ओठ हलवून बघितले. “नाव तिच्याजवळच ऱ्हायलं,” ते म्हणाले.

मी वर्णन लिहिलं आणि नावाची जागा मोकळी सोडली. वर्षा मागच्या बाकावरून ऐकत होती. ती म्हणाली, “मामा, गावात मामींच्या वयाच्या अजून चौघी-पाचजणी आहेत. त्यांना विचारू या की. पुढच्या रविवारी आम्ही सगळ्या येतो.”

मामांनी खिडकीतून नजर आत घेतली.

“या,” ते म्हणाले. “मी बी येतो तुमच्यासंगं. मी काय बोलनार न्हाई, नुसता बसंन. मलाबी ऐकायचंय.”